नाट्यमहोत्सव : दरबारापासून तालुक्यापर्यंत



या वसंत व्याख्यानमालेचे बोलावणे आम्हांला आले तेव्हा मोंढ्यातल्या आमच्या एका वृद्ध सहकाऱ्याने विचारले, "तितं मागण्या मांडायच्या का भाषण करायचं?" आम्ही म्हटले, भाषण. तो म्हणाला, "मग लौकर आटपा. मागण्या असत्या तर बसलो असतो." त्याचा सल्ला आम्ही मानतो, परंतु आजचा विषय एकशेऐंशी वर्षांहून अधिक काळाचा असल्यामुळे श्रोत्यांनी थोडा धीर धरावा अशी विनंती आहे. शिवाय शेवटी मागणीही येणारच आहे. सवय सुटत नाही.

प्रारंभीच सांगितले पाहिजे की, आम्ही नाट्यशास्त्राचे पंडित नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली आणि पुढचे शिक्षण अर्धे मोंढ्यात व अर्धे सार्वजनिक वाचनालयात झाले. कामगार संघटनेत तीस वर्षे दोन वह्या सांभाळण्यात गेली : एक हजेरीची आणि दुसरी जमाखर्चाची. या दोन वह्यांनी आमच्या वाचनालाही एक खोड लावली आहे. कोणत्याही उत्सवाची हकिकत वाचू लागलो की, येथे नाव कोणाचे लागले आणि पैसा कोणाचा लागला, हे दोन प्रश्न मनात उभे राहतात. मराठी नाट्यमहोत्सव कसा जन्मला, कसा वाढला आणि अहमदपूरसारख्या बालाघाटावरच्या गावापर्यंत तो कितपत पोहोचला, हे आज याच दोन प्रश्नांच्या उजेडात पाहावयाचे आहे.

आरंभ सांगलीचा. १८४३ साली ५ नोव्हेंबरला सांगलीच्या दरबारात विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले. तो दिवस आता मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळला जातो. सांगलीचे अधिपती चिंतामणराव पटवर्धन यांनी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिले आणि असे खेळ मराठीत व्हावेत, अशी इच्छा आपल्या पदरच्या या तरुणापाशी बोलून दाखवली. भाव्यांच्या खेळात सूत्रधार पदे गाई, विदूषक थट्टा करी, गणपती-सरस्वती येऊन जात, राक्षस आरोळ्या ठोकीत आणि पात्रे आपापली भाषणे आयत्या वेळी जुळवून बोलत. म्हणजे ज्याला आज आपण अभिजात रंगभूमी म्हणून हात जोडतो, तिचे मूळ खेड्यातल्या देवळापुढच्या खेळांत आहे. तिला कुळाचा अभिमान धरावयाचा असेल तर तो जत्रेच्या कुळाचा धरावा लागेल. ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

हा पहिला खेळ राजाच्या पैशावर झाला. १८५१ साली चिंतामणराव वारले आणि तो आधार तुटला. मग भाव्यांनी मंडळी बरोबर घेऊन गावोगाव फिरण्यास आरंभ केला आणि १८५३ साली मुंबईत तिकीट लावून खेळ केले. आमच्या दृष्टीने ही घटना पहिल्या प्रयोगाइतकीच मोठी आहे. राजाची मर्जी गेली आणि तिच्या जागी चार आण्या-आठ आण्यांचा प्रेक्षक आला. मर्जी एका माणसाची असते व ती एका रात्रीत फिरते. प्रेक्षक हजार असतात. त्यांतले शंभर रुसले तरी नऊशे उरतात.

पुढचा टप्पा १८८० चा. सरकारी कचेरीत नोकरी करणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी कालिदासाचे 'शाकुंतल' मराठीत आणले आणि ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात त्याचा प्रयोग झाला. १८८२ मध्ये 'सौभद्र' आले. सूत्रधाराने सर्वांची पदे गाण्याची रीत मागे पडली. ज्याचे दुःख त्याने गावे, असे ठरले. रागदारी मैफलीतून उठून रंगमंचावर आली आणि ज्याला बैठकीच्या दिवाणखान्यात प्रवेश नव्हता तो माणूसही पिटात बसून भूप आणि यमन ऐकू लागला. नाव ठाऊक नसेना का, कान तयार झाला. महाराष्ट्रात अभिजात संगीताचे प्रौढ शिक्षणवर्ग कोणी चालवले असे आम्हांला विचाराल तर आम्ही नाटक मंडळ्यांचे नाव घेऊ.

यानंतरची चाळीस वर्षे सुवर्णयुग म्हणून ओळखली जातात. खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ साली आले, 'स्वयंवर' १९१६ साली, आणि गडकऱ्यांचे 'एकच प्याला' १९१९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर. केशवराव भोसले यांनी १९०८ साली ललितकलादर्श काढली. बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडून १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी उभी केली. नोकर असलेल्या नटांनी स्वतः धनी व्हावे, हा विचार त्या काळी लहान नव्हता. परंतु धनी झाल्यावर जमाखर्चाची वही सुटत नाही. उंची शालू, अत्तरे, अहमदजान थिरकवांसारखा तबलावादक. या वैभवाने प्रेक्षक तृप्त झाले आणि मंडळी कर्जात बुडाली. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला नाट्यगृहात बालगंधर्व आणि केशवराव यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त 'मानापमान' केले. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्या एका रंगमंचावर आल्या, हा आमच्या मते मराठी रंगभूमीवरील पहिला खरा महोत्सव. एकी झाली ती देशाच्या कामासाठी, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले.

दरम्यान १९०५ साली मुंबईत दादासाहेब खापर्डे यांच्या अध्यक्षतेखाली पहिले नाट्यसंमेलन भरले. अमरावतीचे नामांकित वकील, लोकमान्यांचे सहकारी. अध्यक्ष म्हणून योग्यच निवड. तेथे नाटकाविषयी विचार झाला, विचार करणारे लोक जमले. पण संमेलन आणि महोत्सव यांत भेद आहे. संमेलनात नाटकाविषयी बोलतात, महोत्सवात नाटक करतात. बोलणाऱ्यांची आणि करणाऱ्यांची सांगड पडण्यास आणखी चाळीस वर्षे लागली.

ती पडली ती संकटामुळे. १९३१ साली 'आलम आरा' आला, १९३२ साली 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला, आणि नाटक मंडळ्यांचे तंबू एकामागून एक उतरले. खुद्द गंधर्व मंडळीही त्या दशकात मिटली. जी नाट्यगृहे होती त्यांत पडदा लागून चित्रपट सुरू झाले. इतिहासाच्या पुस्तकांत या प्रकरणाला 'पडता काळ' म्हणतात. आम्ही त्याला कारखाना बंद पडणे म्हणू. नट, साथीदार, रंगपट सांभाळणारे, पडदे रंगवणारे, आचारी, सामान वाहणारे. एकेका मंडळीच्या बिऱ्हाडात शे-पाऊणशे माणसे जेवत असत. त्यांचे पुढे काय झाले याची नोंद कोणत्या ग्रंथात आम्हांला सापडली नाही. १९३३ साली नाट्यमन्वंतर या संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' आणून नवी वाट काढली, स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली. पण ज्यांची जुनी वाट बंद झाली ते त्या नव्या वाटेवर दिसत नाहीत.

अशा वेळी शताब्दी आली. १९४३ साली सांगलीस मराठी रंगभूमीचा शतसांवत्सरिक उत्सव झाला. अध्यक्ष होते वि. दा. सावरकर. दुसऱ्या वर्षी, १९४४ मध्ये, मुंबई मराठी साहित्य संघाने चौपाटीवर मंडप घालून नाट्यमहोत्सव भरवला. या उद्योगामागे उभे होते डॉ. अमृत नारायण भालेराव. ते स्वतः नट नव्हेत, नाटककार नव्हेत, व्यवसायाने डॉक्टर. परंतु रोग कोणता हे त्यांनी ओळखले. नाटक मेले नव्हते. नाटकाला जागा उरली नव्हती. जागा द्या, तिकीट परवडेल असे ठेवा, जुन्या नटांना पुन्हा उभे करा, लोक येतील. आणि लोक आले. पुढे साहित्य संघाचा नाट्यमहोत्सव वर्षानुवर्षे होत राहिला आणि महोत्सव ही गोष्ट महाराष्ट्रात रुजली. राजा गेला होता, कंपनीचा मालक गेला होता. आता संस्था आली. वर्गणी, देणगी, स्वयंसेवक आणि एका माणसाची चिकाटी यांवर ती उभी होती.

येथे एक योगायोग सांगण्यासारखा आहे. ज्या १९४३ साली सांगलीत शताब्दी साजरी झाली त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईत इंडियन पीपल्स थिएटर असोसिएशन, म्हणजे इप्टा, स्थापन झाली. आणि चौपाटीवर महोत्सव झाला त्याच १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचे लालबावटा कलापथक उभे राहिले. एकाच शहरात, एकाच काळात दोन रंगभूमी. एकीकडे 'सौभद्र'ची पदे, दुसरीकडे गिरणीच्या दाराशी डफ. दोघांनी एकमेकांस फारसे पाहिले नाही. अण्णाभाऊंनी तमाशाला लोकनाट्य केले, त्यात गवळणीच्या जागी गिरणगाव आणले. पण अभिजात महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांना जागा नव्हती. हा दोष कोणा एका माणसाचा नव्हे. पुणे-मुंबईच्या सुशिक्षित वर्गाला नाटक म्हटले की जे डोळ्यांपुढे येई त्यात डफ नव्हता, इतकेच. आपले मूळ जत्रेत आहे, याचे विस्मरण पडले होते.

तरीही गिरणगावचा कामगार नाटकवेडा होता. ना. म. जोशी यांनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली आणि १९२० साली ऑल इंडिया ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत ते पुढे होते. त्याच लीगचे परळचे दामोदर नाट्यगृह म्हणजे कामगारांचे माहेरघर. कोकणातून, घाटावरून आलेले चाकरमाने दिवसपाळी संपवून तालमीला बसत. आमच्या धंद्यातल्या थोर माणसाने संघटनेबरोबर नाट्यगृहाचाही विचार केला, हे वाचून आम्हांला फार बळ आले. पगारवाढीने पोट भरते; पण माणूस पोटापुरता नसतो, हे जोशींना ठाऊक होते.

१९५३ साली मुंबई राज्याने कामगार कल्याण निधीचा कायदा केला. पुढे कामगार कल्याण मंडळाच्या केंद्रांतून कामगारांच्या नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. या निधीत पैसा कोठून येतो, हे श्रोत्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. कामगार व मालक यांची वर्गणी तर आहेच. पण कायद्याने त्यात आणखी दोन ओघ आणून सोडले आहेत : कामगाराला केलेले दंड, आणि ज्या मजुरीवर कोणी हक्क सांगण्यास आले नाही ती पडून राहिलेली मजुरी. म्हणजे कोणी गावी गेला व परतला नाही, कोणी वारला, कोणाला आपले राहिलेले पैसे मागावयाचे असतात हेच समजले नाही. अशा माणसांच्या घामाचा पैसा त्या निधीत जातो. कामगार रंगभूमीवर जो दिवा लागतो त्यात हे तेलही आहे. कोणत्याही पत्रिकेवर त्यांची नावे छापली जात नाहीत, म्हणून येथे त्यांची आठवण केली.

आता राज्याच्या महोत्सवाकडे वळू. १९५४ साली मुंबई राज्य सरकारने नाट्यमहोत्सवास आरंभ केला. दिल्लीत संगीत नाटक अकादमी नुकतीच सुरू झाली होती. नव्या राष्ट्राला आपल्या कलांची मांडणी करावयाची होती. १९६० साली महाराष्ट्र झाला आणि हौशी मंडळ्यांची राज्य नाट्यस्पर्धा नव्या राज्यात दरवर्षी भरू लागली. आता तिने साठी ओलांडली आहे. जागोजागी केंद्रे, तेथे प्राथमिक फेरी, आणि निवडक नाटकांची अंतिम फेरी, असा तिचा आराखडा. पुढे संगीत नाटक, संस्कृत नाटक, बालनाट्य, हिंदी नाटक यांच्याही स्पर्धा झाल्या. इतका विस्तार, इतकी वर्षे, सरकारी खर्चाने चालणारे दुसरे नाट्यकार्य आम्हांला तरी ठाऊक नाही. त्याबद्दल राज्याला मानाचा मुजरा केलाच पाहिजे.

पण १९५४ साली आम्ही कोठे होतो? अहमदपूर तेव्हा मुंबई राज्यात नव्हतेच. आपला तालुका हैदराबाद राज्यात, बीदर जिल्ह्यात होता. निजामी अमलात १९२९ च्या गश्ती निशाण ५३ ने जाहीर सभेला आधी परवानगी लागे. चार माणसे एकत्र जमली की कोतवालाचे कान टवकारत. तेथे नाटक मंडळी वाढणार कशी? कायद्याने नाटकाचा गळा धरणे ही केवळ निजामाची रीत नव्हती. इंग्रजांचा नाट्यप्रयोगांचा कायदा १८७६ चा होता आणि खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर १९१० साली बंदी आली होती. परंतु पुण्या-मुंबईस नाटकावर बंदी येई. आमच्याकडे जमण्यावरच होती. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी अंमल संपला, १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, अहमदपूर बीदरमधून उस्मानाबाद जिल्ह्यात गेले, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर जिल्हा होऊन आपण लातूरकर झालो. ज्या काळात सांगलीने शंभरी साजरी केली त्या काळात आम्ही जमण्याची परवानगी मागत होतो. एकाच भाषेच्या दोन मुलखांत हे अंतर होते, आणि मराठवाड्याची रंगभूमी मागे का, असे विचारणाऱ्याला प्रथम हे अंतर मोजावे लागेल.

तथापि आम्ही रिकाम्या हातांनी महाराष्ट्रात आलो असे मात्र कोणी समजू नये. एकनाथांची भारुडे पैठणची, म्हणजे आमची. गोंधळी, पोतराज, वासुदेव, बहुरूपी दारोदार नाट्य घेऊन फिरत होतेच. आणि नांदेड-लातूर रस्त्यावरच्या माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते, ती श्रोत्यांपैकी कोणी पाहिली नाही असा नसेल. घोडे, गाढवे, बैल, घोंगड्या, बेलभंडारा. आणि पलीकडे तमाशाच्या कनाती. एकेका कनातीत रात्र रात्र गण, गवळण, वग. दिवसभर जनावरांचा सौदा करून आलेला माणूस तिकीट काढून आत बसतो आणि वगात राजाची फजिती झाली की आपल्या गावच्या पाटलाकडे पाहून हसतो. कोणी आम्हांला विचारले की तुमच्या भागातला सर्वांत जुना नाट्यमहोत्सव कोणता, तर आम्ही बेलाशक माळेगाव सांगू. त्याला परीक्षक नाहीत, ढाल नाही. फड आवडला नाही तर कनात रिकामी होते, हाच निकाल.

या मातीवर राज्याच्या महोत्सवाचे बी पडले, ते उगवले नाही असे म्हणता येणार नाही. औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, मिलिंद महाविद्यालयात प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्या 'युगयात्रा' नाटकाने पन्नाशीच्या दशकातच दलितांचे दुःख रंगमंचावर मांडले. नांदेडच्या दत्ता भगत यांचे 'वाटा-पळवाटा' मराठी नाट्यसाहित्यात कायमचे झाले. प्रशांत दळवी, चंद्रकांत कुलकर्णी यांची 'जिगीषा' औरंगाबादेतच वाढली आणि मग मुंबईस गेली. नांदेड, परभणी, लातूर येथे स्पर्धेची केंद्रे झाली. ज्या नाट्यसंमेलनाचा आरंभ १९०५ साली मुंबईत झाला त्याचे ९७ वे अधिवेशन २०१७ साली उस्मानाबादेत, म्हणजे आताच्या धाराशिवास, भरले. आणि खापर्ड्यांच्या खुर्चीवर २०१९ साली नागपुरास 'किरवंत'कार प्रेमानंद गज्वी बसले. खुर्ची तीच, पण तिच्याकडे जाणारी वाट रुंद झाली. ही वाढ खरी आहे. ती नाकारणारा माणूस कृतघ्न ठरेल.

आणि तरीही आमच्या मनात एक शल्य आहे. ते सांगण्यासाठी थोडी स्वतःची हकिकत सांगावी लागेल.

१९९३ साली अनंत चतुर्दशीच्या रात्री मोंढ्यातल्या गणपतीपुढे आमच्या मंडळाने नाटक केले. विसर्जन करून माणसे निजली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजण्याच्या सुमारास धरणी हलली. किल्लारीच्या बाजूला काय झाले हे सकाळी कळले. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. आमची टोळी ट्रक करून निघाली. पाठीवर ओझे घेण्याचीच ज्यांना सवय त्यांनी त्या दिवसांत दगड उचलले आणि दगडाखालची माणसेही उचलली. नाटकाचे पडदे, कनात, दोऱ्या, बांबू सर्व आम्ही बरोबर नेले होते. तिकडे त्यांचे आडोसे झाले. ते परत आणले नाहीत. आणावेसे वाटले नाही.

पुढच्या वर्षी आमच्यातल्या एका हमालाने, जो फारच कमी बोलत असे, त्या दिवसांवर नाटक करू म्हटले. एका शिक्षकाने लिहून घेतले. आम्ही सांगत गेलो, ते लिहीत गेले. सात हमाल, एक एस. टी. कंडक्टर आणि शिवणकाम करणाऱ्या एक भगिनी, इतकी मंडळी. संहिता परिनिरीक्षण मंडळाकडे धाडली, प्रवेशअर्ज भरला आणि बाहेरगावच्या केंद्रावर आमचा दिवस लागला. जाणे, प्रयोग, येणे असे तीन दिवस. मजुराचे तीन दिवस म्हणजे तीन दिवसांची मजुरी. तेव्हा मागे राहिलेल्या टोळीने ठरवले की, जे गेले त्यांचीही हजेरी लावायची आणि आलेली हमाली सर्वांत वाटून घ्यायची. त्या वेळची ती हजेरीची वही आम्ही जपून ठेवली आहे. पैसा कोणाचा लागला, या प्रश्नाचे उत्तर तिच्यात आहे.

नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी ट्रक लावून आम्ही नेपथ्याचे सामान उतरवू लागलो. तेथला एक व्यवस्थापक आला आणि घाईने म्हणाला, "सामान इकडे ठेवा. पण कलावंत कुठे आहेत?" आमचा तो कमी बोलणारा गडी खांद्यावरची फळी खाली न ठेवता म्हणाला, "साहेब, तेच उतरवाय लागलेत." सगळे हसले. आम्हीही हसलो. परंतु तो प्रश्न आमच्या मनातून अद्याप गेलेला नाही.

प्रयोग झाला. शेवटच्या प्रवेशात त्या गड्याला एकच काम होते : रंगमंचावर एकेक दगड उचलून बाजूला ठेवणे, न बोलता. नाट्यगृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. पारितोषिक मिळाले नाही. परीक्षकांनी दोन चांगले शब्द सांगितले, आम्ही परत आलो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोंढ्यात हजर झालो. त्या नाटकाचा दुसरा प्रयोग कधीही झाला नाही. अहमदपुरात तर एकही झाला नाही. दिवे भाड्याने आणण्यास पैसे नव्हते, पावसाळा जवळ आला, मग हंगाम आला, मग कोणी गावी गेले. काही वर्षांनी तो गडी वारला. दहाव्याला त्याची पत्नी आम्हांला म्हणाली, "भाऊ, लोकं म्हणत्यात यांनी तिकडं लई चांगलं काम केलं. आमाला काय ते बघायला भेटलं नाय." आम्ही गप्प बसलो. ज्या गावाने नाटक घडवले, ज्या टोळीने त्यासाठी आपली मजुरी वाटून दिली, त्या गावाने व त्या टोळीने ते पाहिलेच नाही. पाहिले ते परगावच्या शंभर-दोनशे माणसांनी.

श्रोतेहो, महोत्सवाच्या वाढीतला दोष येथे आहे. महोत्सव वाढला म्हणजे काय झाले? केंद्रे वाढली, प्रवेशिका वाढल्या, पारितोषिके वाढली. पण महोत्सवाची स्पर्धा झाली आणि स्पर्धेत नाटक परीक्षकांसाठी उभे राहते. हौशी मंडळी महिना दोन महिने तालीम करतात, शासनाकडून खर्चाचा काही भाग मिळतो, बाकीचा आपल्या खिशातून घालतात, एक प्रयोग करतात आणि नेपथ्य अडगळीत टाकतात. भाव्यांना राजाने पोसले, किर्लोस्करांना प्रेक्षकाने पोसले, भालेरावांच्या महोत्सवाला वर्गणीदारांनी. आजच्या हौशी नाटकाला बव्हंशी त्यातला नटच पोसतो, आणि तो नट पगारावर किंवा रोजावर जगणारा असतो. नाव महोत्सवाचे लागते. पैसा त्याचा लागतो.

यावर उपाय नाही असे नव्हे. १९७२ च्या १६ डिसेंबरला पुण्यात राज्य स्पर्धेसाठी प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने 'घाशीराम कोतवाल' केले. वाद झाला, काही प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. तेव्हा त्यातल्या कलावंतांनी १९७३ साली थिएटर अकादमी ही आपली संस्था काढली आणि ते नाटक देशात आणि परदेशात नेले. त्या नाटकाच्या गुणदोषांत आम्ही शिरत नाही; जाणत्यांनी ते पुष्कळ केले आहे. आम्ही त्यातून एवढेच घेतो की, स्पर्धेतले नाटक स्पर्धेनंतर जगले, कारण कलावंतांनी संघटना केली. आमच्या नाटकापाशी सगळे होते. दुसऱ्या प्रयोगाची संघटना नव्हती. आणि ती करणे ज्यांचे कामच होते, ते आम्ही, रोज दुसऱ्यांच्या संघटना बांधत फिरत होतो. हा दोष आमच्या पदरी आम्ही घेतो.

दुसरीकडे १९८२ चा गिरणी संप पाहा. जानेवारीत सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मग गिरण्या बंद होत गेल्या. लोकांनी बुडालेले पगार मोजले, गेलेल्या नोकऱ्या मोजल्या. पण चाळीचाळींतून होणाऱ्या तालमी थांबल्या, त्या कोणी मोजल्या? जेथे रोजगार स्थिर नसतो तेथे रंगभूमी स्थिर राहत नाही. कला आणि भाकरी यांना एकमेकींच्या सवती म्हणणारे लोक दोन्हींपैकी एकीशीही फारसे राहिलेले नसतात.

म्हणून आता मागण्या. त्या वृद्ध सहकाऱ्याला बसवून ठेवण्यासाठी. पहिली : स्पर्धेच्या केंद्रावर जे नाटक होते ते ज्या गावाचे, त्या गावी त्याचा दुसरा प्रयोग झाला पाहिजे, आणि त्याचा खर्च पारितोषिकाच्या खर्चाइतकाच आवश्यक समजला गेला पाहिजे. दुसरी : तालुक्याच्या गावी झाकलेला, दिव्यांची सोय असलेला, मागच्या दाराने ट्रक लागेल असा एक साधा रंगमंच हवा. मंगल कार्यालये पुष्कळ झाली. तेथे लग्ने लागतात, 'सौभद्र' लागत नाही. तिसरी : माळेगावच्या यात्रेत कनातींच्या शेजारी एक कनात हौशी नाटकाची लागावी. घोंगडी पांघरून बसलेला प्रेक्षक आपले नाटक ऐकून घेतो की उठून जातो, हे आमच्या लेखकांना एकदा कळू द्या. अभिजात रंगभूमी जत्रेतून निघाली होती. तिने वर्षातून एकदा माहेरी यावे, यात कमीपणा नाही. आणि चौथी मागणी कोणा सरकारकडे नाही, आपल्याच मंडळांकडे आहे : पत्रिकेवर नटांच्या नावांखाली सामान वाहणाऱ्यांची, दिवे धरणाऱ्यांची, आणि ज्यांनी मागे राहून हजेरी भरून काढली त्यांची नावे छापावीत. शाई फार लागत नाही.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हा ज्ञान व्यासपीठावरून चार लोकांपर्यंत जावे, एवढाच हेतू होता. ते जात जात येथवर आले आणि सातवी शिकलेल्या माणसाला बोलण्यास उभे केले. नाटकालाही सांगलीच्या दरबारातून येथवर यावयास इतकी वर्षे लागली. ते आता वेशीपाशी उभे आहे. आत घेणे आपल्या हाती आहे.

त्या नाटकाची संहिता आमच्यापाशी आहे. कागद पिवळा पडला, अक्षर शाबूत आहे. त्यातले तीन नट हयात असून तिघेही आज या सभेत मागच्या बाजूस बसले आहेत. नेहमीप्रमाणे सतरंज्या घालण्यास ते लवकर आले होते. दगड उचलणाऱ्याचे काम त्याच्या मुलाने करावे असे आम्ही त्याला सांगितले आहे. तो अद्याप हो म्हणालेला नाही. नाही असेही म्हणालेला नाही. येत्या गणपतीत मोंढ्यात दुसरा प्रयोग लावण्याचा विचार आहे. पहिल्या रांगेतली एक जागा त्या माउलीसाठी राखून ठेवू. बाकीच्यांनी आपापली पोती घेऊन यावे.